सात नंबरची तिसरी थाप

या पेजवरच्या बऱ्याच भुताच्या गोष्टींत रात्रीचे बारा वाजलेले असतात. अमावस्या असते. कुत्री रडत असतात.

माझ्या गोष्टीत यातलं काहीच नाही.

सकाळचे अकरा वाजले होते. ऊन असं की पत्र्याला हात लावला तर चटका बसावा. आजूबाजूला पाण्याचा सडा, साबणाचा फेस आणि माझ्या नवऱ्याची बडबड.

तारीखही सांगते. शनिवार, २२ मे १९९९. ठिकाण, नाशिकची अंबड एमआयडीसी.

कुणाला खोटं वाटलं तर वाटू द्या. मी पटवायला बसलेली नाही. पण हे माझ्यासोबत घडलंय, आणि माझ्या चुकीमुळे घडलंय. म्हणून लिहिते आहे.

माझं नाव सविता. तेव्हा आम्ही इंदिरानगरला राहायचो. मी आणि माझा नवरा, लखन. आमचा धंदा ऐकून लोक हसायचे. आम्ही गाड्या धुवायला गाडी घेऊन जायचो.

जुनी मेटॅडोर होती. मागच्या बाजूला हजार लिटर पाण्याची लोखंडी टाकी, एक इंजिन, एक पंप आणि लांबलचक पाइप. कंपनीच्या बस, दुधाचे टँकर, ट्रान्सपोर्टचे ट्रक, जिथे उभे असतील तिथे आम्ही हजर. चौदा बस एकामागून एक सर्व्हिस स्टेशनला न्यायच्या तर मालकाचा अख्खा दिवस जायचा. आम्ही त्याच्या आवारात जाऊन अर्ध्या दिवसात काम संपवायचो.

लखन बाहेरून पाणी मारायचा. मी आतून झाडायचे, सीट पुसायचे. सीटखाली काय काय सापडायचं! छत्र्या, डबे, एका पायाची चप्पल. एकदा तर कुणाची तरी कवळी सापडली. दोन महिने आम्ही मालकाची वाट बघितली, कुणी मागायलाच आलं नाही.

पंपाच्या आवाजाने लखनचे कान अर्धे गेले होते. मी काही काम सांगितलं की उरलेले अर्धेही जायचे. पण खरंच त्याला कमी ऐकू यायचं. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

अंबडला कारखान्यांना शनिवारी सुट्टी. त्यामुळे कामगारांची ने-आण करणाऱ्या बस त्या दिवशी आवारात उभ्या. रियाजशेठच्या चौदा बस होत्या. आमचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात जुनं गिऱ्हाईक.

त्यातली सात नंबरची बस भिकामामा चालवायचे.

पन्नाशीचा माणूस. मूळचे इगतपुरीकडचे, घर वाडीवऱ्ह्याला. शुक्रवारी दुसऱ्या पाळीचे कामगार घरी सोडून यायला त्यांना बारा वाजायचे. तेवढ्या उशिरा गावाला जायला गाडी कुठली? मग ते बसमध्येच झोपायचे. खिडक्यांना चादर लावायची, आतून दाराची कडी घालायची, आणि शनिवारी दुपारी उठून गावाला जायचं.

धंदा नवा होता तेव्हा लखनने एकदा न बघता सात नंबरवर पाणी सोडलं. खिडकी उघडी होती. मामा आत झोपलेले.

ते बनियनवर, नखशिखांत भिजलेले, हातात चाक खोलायची लोखंडी टॉमी घेऊन खाली उतरले. लखन पळाला. पूर्ण आवाराला दोन चकरा मारल्या दोघांनी. शेवटी मामाच दमले आणि बसून हसायला लागले.

त्याच दिवशी त्यांनी नियम घालून दिला.

"आधी दाराला दोन थापा मारायच्या, बाबा. आत कोणी असंल तर तो आतून दोन थापा देईल. म्हंजी झोपू द्या, जा. थाप नाय आली तर खुशाल पाणी मारा."

पुढे सगळ्या ड्रायव्हरांना तो नियम आवडला. आम्हीही सगळीकडे तोच पाळायला लागलो. टँकर असो, ट्रक असो. आधी दोन थापा. थांबायचं. ऐकायचं. मग पाणी.

हाताला इतकी सवय झाली की मी शेजारणीच्या दारालाही बेल न वाजवता दोन थापा मारायचे.

तर, तो शनिवार.

सहा बस धुऊन झाल्या होत्या. लखनने इंजिन बंद केलं. आम्ही सात नंबरपाशी आलो. खिडक्यांना चादर. दार आतून बंद. नेहमीसारखंच.

लखनने दारावर हात मारला.

थप्प… थप्प.

हात तसाच पत्र्यावर टेकवून तो उभा राहिला.

बराच वेळ काही नाही…

मग आतून आलं.

थप्प… थप्प.

हळू होत्या. नेहमीसारख्या ठणठणीत नव्हत्या. लखन माझ्याकडे बघून म्हणाला, "आहेत मामा. सोड, पुढची घेऊ."

आणि मग…

थप्प.

अजून एक. खालच्या बाजूने. जमिनीजवळून आल्यासारखी.

तिसरी.

मी ऐकली. नीट ऐकली. मनात आलं, हाक मारावी. मामा, ठीक आहात ना, एवढं विचारावं.

पण अजून सात बस बाकी होत्या. टाकीतलं पाणी अर्ध्यावर आलं होतं. डोक्यावर ऊन मी म्हणत होतं. आणि झोपमोड केली तर मामा चिडतील, हेही होतंच. लखनला ऐकू आलेलं दिसलं नाही. तो पाइप ओढत आठ नंबरकडे निघाला होता.

मी त्याच्या मागे गेले.

एवढंच. एवढीच माझी चूक.

रविवारी सकाळी रियाजशेठचा वॉचमन सरफराज सायकलवर आमच्या घरी आला. सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "भाभी, भिकामामा गुजर गये."

रविवारी पहिल्या पाळीला सात नंबर हलली नाही म्हणून दार तोडलं होतं. मामा आत दाराच्या पायरीवर पडलेले. हार्ट अटॅक.

"कसे पडले होते?" मी विचारलं. का विचारलं, माहीत नाही.

सरफराजने स्वतःचा हात पुढे करून दाखवला. "ऐसे. हाथ दरवाजे के पत्रे को लगा हुआ था."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले.

पुढच्या शनिवारी आम्ही आवारात गेलो तेव्हा मामांची बायको आली होती. कमळाबाई. बारीक अंगाची, सावळी बाई. मामांची चादर, डबा, बॅटरी न्यायला आलेली. सगळे त्यांना मामी म्हणत होते, मीही म्हणाले.

त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"तुम्हीच का गाड्या धुता? ते लय बोलायचे तुमच्याबद्दल. नवरा-बायको दिवसभर भांडत्यात, पर काम चोख, म्हणायचे."

मी हातातलं फडकं पिळत राहिले.

"एक इचारू? त्या शनिवारी तुम्ही आल्ते ना हितं? आतून काही आवाज आला का त्यांचा?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "नाही मामी. आम्ही थाप मारली. काहीच आवाज आला नाही."

मग त्यांनी बसच्या रांगेकडे बघितलं. गेल्या शनिवारी धुतलेल्या बस त्या मानाने स्वच्छ होत्या. मधे सात नंबर तेवढी धुळीने भरलेली उभी होती.

"आवाज नाय आला, तर मग ही का नाय धुतली?"



"पाणी संपलं होतं, मामी."

त्यांनी आठ नंबरकडे बघितलं. नऊकडे बघितलं. मग माझ्याकडे.

जाताना फक्त एवढं म्हणाल्या, "घरी बी तेच करायचे ते. मी चहाला उठवाया गेले की भिंतीला दोन थापा. म्हंजी जा, झोपू दे. मंग मी फिरायची माघारी."

त्या गेल्या. आम्ही कामाला लागलो. हात चालत होते, डोकं चालत नव्हतं. सहा बस झाल्या. सातवी आली.

या वेळी तिला बाहेरून नवं कुलूप होतं. चावी सरफराजच्या केबिनमध्ये. सरफराज चावी घेऊन माझ्या शेजारी उभा होता.

आत कुणी असणं शक्यच नव्हतं. तरी हाताच्या सवयीने मी थापा मारल्या. थप्प… थप्प.

आणि हसू आलं मला स्वतःचंच. रिकाम्या गाडीला काय विचारतेस बाई!

तेवढ्यात…

थप्प… थप्प.

आतून.

माझा हात पत्र्यावर होता. मी सरफराजकडे बघितलं. त्याचं तोंड उघडं पडलं होतं.

मग, खालच्या बाजूने, जमिनीजवळून…

थप्प.

"अंदर कौन है?" सरफराज ओरडला. त्याने कुलूप काढलं, दार उघडलं. आतून नुसता गरम वारा आला.

कुणी नव्हतं. पुढून मागेपर्यंत, सगळ्या सीटखाली, मी स्वतः बघितलं. कुणीच नव्हतं.

त्या दिवसापासून शनिवारी आम्ही आलो की सरफराज केबिनचं दार लावून घ्यायचा आणि रेडिओ मोठा करायचा. केबिनमधून बाहेर यायचा नाही.

मला वाटलं, हे सात नंबरपुरतं असेल. तेवढी एक बस सोडली की झालं.

नव्हतं तसं.

जूनमध्ये दुधाच्या टँकरची थाप आली. नुकत्याच रिकाम्या केलेल्या टँकरची. जुलैमध्ये एका ट्रान्सपोर्टच्या ट्रकची, ज्याचा ड्रायव्हर माझ्यासमोर उभा राहून चहा पीत होता. दर वेळी येत नव्हती. दहा गाड्यांत एखादी. पण कोणती, ते आधी कधीच कळायचं नाही. आणि ठेका एकच. दोन… थांबून एक.

मी दर वेळी दार उघडायचे. कारण एखाद्या वेळी आत खरंच कुणी असलं तर? एकदा चुकले होते. पुन्हा त्याच जागी चुकायची माझी हिंमत नव्हती.

आत कुणी नसायचं.

लखन म्हणायचा, "तुझ्या डोक्यात बसलंय ते. मला तर काही ऐकू येत नाही." मी म्हणायचे, "तुला पंपही ऐकू येत नाही." मग आम्ही भांडायचो. त्या दिवसांत भांडण हाच एक आधार होता. भांडताना घरात आवाज असायचा.

मग एकदा मी घरचं गोदरेजचं कपाट लावत होते. दार नीट बसत नव्हतं म्हणून हाताने दोनदा ठोकलं.

आतून उत्तर आलं.

माझ्या साड्यांच्या मागून…

दोन. आणि थांबून एक.

मी किंचाळले. लखन धावत आला. त्याने कपाट उघडलं, सगळे कपडे बाहेर फेकले. काही नाही. पण त्याचा चेहरा मी बघितला. तो पांढराफटक पडला होता. मला वाटलं, माझ्या किंकाळीने घाबरला.

त्यानंतर काही दिवसांनी तो घरी आला तो हातात जिलबीची पुडी घेऊन. दारातूनच ओरडला, "सवे, सुटलो आपण!"

मामांच्या विम्याच्या कामासाठी रियाजशेठकडे शवविच्छेदनाचा कागद आला होता. शेठनी तो लखनला वाचून दाखवला होता. डॉक्टरांनी लिहिलं होतं, मृत्यू शुक्रवारी रात्री, बारा ते तीनच्या दरम्यान.

"कळलं का तुला?" लखन म्हणाला. "आपण गेलो तेव्हा ते आधीच गेलेले होते. आपल्या हातात काहीच नव्हतं. आपण उगाच जिवाला लावून घेतलं."

मी पहिल्यांदा रडले. मोकळं वाटलं म्हणून रडले. जिलबीचा तुकडाही तोंडात घातला.

आणि मग घास तोंडातच राहिला.

"लखन…"

"काय?"

"मग शनिवारी अकरा वाजता थापा कुणी दिल्या?"

तो पुडी हातात धरून उभा राहिला. बाहेर गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती.

तुम्हीच सांगा. कागद चुकीचा असेल तर आम्ही जिवंत माणसाला मरायला सोडून गेलो. कागद बरोबर असेल तर मेलेल्या माणसाने आम्हाला उत्तर दिलं. यातलं काय खरं असावं असं मला वाटायचं? दिवसा एक वाटायचं, रात्री दुसरं.

त्याच संध्याकाळी मी त्याला सांगून टाकलं. की आतून दोन नाही, तीन थापा आल्या होत्या. की मी ऐकलं, आणि गप्प बसले.

मला वाटलं, तो ओरडेल.

तो खाली बघत राहिला. मग उजवा हात उलटा करून तळव्याकडे बघायला लागला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "माझा हात दारावर होता, सवे. कानाने नाही ऐकली. हाताला कळली."

म्हणजे दोघांनाही माहीत होतं. दोघंही आठ नंबरकडे चालत गेलो होतो.

मामींना सगळं खरं सांगायचं, असं त्या दिवशी ठरलं. आणि ठरवून आम्ही सव्वा वर्ष काढलं. आज पाऊस आहे, उद्या काम आहे, गाडी बिघडली आहे. भुतापेक्षा मला त्या बाईच्या डोळ्यांची भीती जास्त वाटायची. "ही का नाय धुतली?" हे विचारताना त्यांनी जसं बघितलं होतं, ते मला झोपू द्यायचं नाही.

थापा येतच होत्या. आता जास्त. दहातल्या एखाद्या गाडीऐवजी चार-पाच गाड्यांच्या.

डिसेंबर २००० मध्ये एका शनिवारी सकाळी टाकी भरून आम्ही कामाला निघालो. मी मेटॅडोरचं दार ओढून लावलं. बसलं नाही म्हणून पुन्हा आपटलं.

मागच्या टाकीतून… पाण्याने काठोकाठ भरलेल्या टाकीतून…

दोन. आणि एक.

लखनने स्टिअरिंगवरचे हात काढले. त्याला टाकीच्या हादऱ्यातून ते कळलं होतं. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"वाडीवऱ्हे," मी म्हणाले.

त्याने गाडी मुंबई रोडला घेतली.

मामींचं घर गावाच्या कडेला होतं. दोन खोल्या, पुढे लोखंडी पत्र्याचं दार. दार आतून बंद. अकरा वाजायला आले होते.

हाताला सवय. बाकी काही सुचेना. दोन थापा मारल्या.

थप्प… थप्प.

थोडा वेळ गेला.

आतून थाप आली. थप्प… थप्प.

"आहेत घरात," लखन म्हणाला. त्याचाही हात दारावर होता.

आम्ही थांबलो. कडी काढल्याचा आवाज नाही. पाऊल वाजलं नाही. शेजारची बाई बाहेर आली. सुलाबाई तिचं नाव.

"झोपली आसंल," ती म्हणाली. "काल सांजपासून दिसली नाय. तब्येत बरी नव्हती तिची. ऱ्हाऊ द्या, मंग या दुपारून."

दोन थापा म्हणजे झोपू द्या, जा. नियम तोच होता. शेजारीणही तेच सांगत होती. आणि खरं सांगू? माझे पाय मागे फिरलेच होते. आज नाही सांगायला लागणार, म्हणून मला बरंसुद्धा वाटलं.

तेवढ्यात दाराच्या खालून, उंबऱ्याच्या अगदी जवळून…

थप्प.

तिसरी.

"लखन, दार तोड!"

"अहो बाई, येड लागलं का?" सुलाबाई ओरडली. पण लखन तोवर मेटॅडोरमधून टॉमी घेऊन आला होता. दोन हिसक्यांत कडी तुटली.

दारामागे कुणी नव्हतं.

पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. मामी आतल्या खोलीत, चुलीपाशी पडल्या होत्या. तोंड एका बाजूला वाकडं झालेलं. डोळे उघडे. अंग गार. पण श्वास चालू होता. पहाटे कधीतरी लकवा मारला होता. जागेवरून वीतभरही सरकता आलं नव्हतं त्यांना. पाण्याचा तांब्या हातभर अंतरावर होता, तोही तसाच भरलेला.

दारापासून चूल बारा-तेरा पावलं. मी नंतर मोजली.

मग दाराला थाप कुणी दिली?

तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. मामींना मेटॅडोरमध्ये पुढच्या सीटवर माझ्या मांडीवर घेतलं. लखनने मागची तोटी पूर्ण सोडली. हजार लिटर पाणी रस्त्यावर ओतून दिलं, गाडी हलकी व्हावी म्हणून.

रिकामी टाकी घेऊन आम्ही नाशिककडे सुसाट निघालो.

आणि टाकी वाजायला लागली.

दोन… एक. दोन… एक. दोन… एक.

आमच्या पाठीमागे, अगदी टेकून. लखनने वेग वाढवला की थापा भराभर यायच्या. वाटेत एका चौकात गाडी थांबली तर इतक्या जोरात आल्या की पुढच्या ट्रकचा क्लीनर वळून बघायला लागला. मी मामींना छातीशी धरून डोळे मिटून बसले होते. तोंडाने सप्तशृंगीचं नाव घेत होते. मामींचे डोळे मात्र उघडे होते. त्या वर, टपाकडे बघत होत्या. त्यांना भीती वाटत नव्हती. हे मी आजही शपथेवर सांगेन.

दवाखान्याच्या फाटकातून आत शिरलो, आणि थापा बंद झाल्या.

अजून तासभर उशीर झाला असता तर बाई वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

चौथ्या दिवशी मामींना थोडं बोलता यायला लागलं. मी एकटीच आत गेले. लोखंडी खाटेवर त्या पडल्या होत्या. डावा हात छातीवर, उजवा चादरीखाली. मी खाटेच्या डाव्या बाजूला, स्टुलावर बसले.

आणि सांगितलं. सगळं. पाणी संपलं नव्हतं, हेसुद्धा.

त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. माझं संपल्यावर जड जिभेने, तुटक तुटक विचारलं,

"किती थापा?"

"तीन, मामी. दोन… आणि थांबून एक."

"दोन म्हंजी जा."

"हो."

"आन् तिसरी?"

"तिसरी म्हणजे या, मामी. मला तेव्हाच कळलं होतं."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी मान वळवून तोंड भिंतीकडे केलं. मी बसून राहिले. माफी मागायची होती, पण तो शब्द फार लहान वाटत होता.

मग खाटेच्या लोखंडावर थाप पडली.

थप्प… थप्प.

उजव्या बाजूने. चादरीखालून.

मला वाटलं, मामींनी दिली. जा म्हणाल्या. मी उठले. त्यांच्या पायांना हात लावला आणि दारापर्यंत आले. तिथे थांबले. तिसरी थाप येते का, म्हणून कान देऊन उभी राहिले.

नाही आली.

बाहेर नर्स औषधांचा ट्रे घेऊन येत होती. मी तिला म्हटलं, "बऱ्या होतील ना त्या? हात तर हलायला लागलाय."

"कोणता?"

"उजवा."

तिने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं. "उजवी बाजू पूर्ण गेली आहे ताई त्यांची. बोटसुद्धा हलत नाही."

मी मागे वळून बघितलं. मामींचा डावा हात अजून छातीवरच होता. आणि त्या हसत होत्या. खाटेच्या उजव्या बाजूला, रिकाम्या जागेकडे बघून.

मी परत आत गेले नाही.

मामी पुढे सात वर्षं जगल्या, वणीला मुलीकडे. रियाजशेठकडून कळत राहायचं. मी कधी भेटायला गेले नाही. आम्ही २००६ साली मेटॅडोर विकली. तोपर्यंत हजारो गाड्या धुतल्या असतील. प्रत्येक गाडीला दोन थापा मारल्या. खरा ड्रायव्हर आत असला तरच उत्तर आलं. त्या दिवसानंतर ती तिसरी थाप आम्हाला कुठेच ऐकू आली नाही.

लखन म्हणतो, मामांनी माफ केलं. मामींना वाचवून घेतलं आपल्याकडून, फिटलं.

असेल.

पण मी त्या दोन थापांचा अजून विचार करते. दोन म्हणजे जा, झोपू दे. सुखाने जा, असं म्हणाले असतील मामा? की त्यांच्या बायकोजवळून निघून जा, पुन्हा तोंड दाखवू नकोस, असं?

विचारायला कुणी राहिलं नाही. कपाटाचं दार लावलं की मी अजून थोडा वेळ तिथेच उभी राहते.